कॉम्प्युटरचं काम बाहेर देताय? ओळखीचा माणूस असला तरी लिहून घ्या

समजा, उमराह टूरचं एक छोटं ऑफिस आहे. रमजान तोंडावर आलाय, चौकशीचे फोन सुरू आहेत, आणि एका सकाळी वेबसाइट उघडायची बंद होते. ईमेलही येईनासे होतात. वेबसाइट सहा वर्षांपूर्वी भाच्याच्या मित्राने बनवून दिली होती. मुलगा चांगला, नमाजी, पैसेही वाजवी घेतले होते. पुढे तो नोकरीला दुबईला गेला आणि त्याचा नंबर बदलला. वेबसाइटच्या नावाची नोंदणी मात्र त्याच्याच नावावर, त्याच्याच जुन्या ईमेलवर राहिली. नूतनीकरणाच्या सूचना त्या ईमेलवर येत राहिल्या, त्या कोणी वाचल्या नाहीत आणि मुदत संपली.

यात कोणी कोणाला फसवलं का? नाही. मुलाने बेइमानी केली नाही, मालकानेही पैसे बुडवले नाहीत. तरीसुद्धा ऐन हंगामात धंदा बंद पडला. सहा वर्षं मालक ‘माझी वेबसाइट’ म्हणत होता, पण कागदावर ती त्याची कधीच नव्हती.

आपल्या बाजारपेठांत हे चित्र नवं नाही. किराणा दुकान असो की बेकरी, दवाखाना असो की यंत्रमागाचा कारखाना, आंब्याचा व्यापार असो की समाजाची शाळा, कॉम्प्युटरशिवाय आता कोणाचंच चालत नाही. पगारी आयटी माणूस ठेवणं छोट्या धंद्याला परवडत नाही, म्हणून काम बाहेर दिलं जातं. त्यात चूक काहीच नाही. फक्त ते कसं द्यावं, काय स्वतःच्या हातात ठेवावं आणि काय लिहून घ्यावं, याची नीट माहिती आपल्याकडे कमी आहे. ती एका जागी मिळावी म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

लिहून घेणं म्हणजे अविश्वास नव्हे

‘घरचाच पोरगा आहे, त्याच्याशी कसला करार?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, बोललोही आहोत. पण कुरआनची सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकरहची २८२ वी, कशाबद्दल आहे ते आठवा. ती आहे मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असं त्या आयतीत बजावलंय. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यापारात न लिहिण्याची सवलत आहे. आणि हे हुकूम ईमानवाल्यांना उद्देशून आहेत, म्हणजे आपसातल्या व्यवहारांसाठीच आहेत.

आयतीचा मूळ विषय कर्ज आहे, हे खरं. पण आयटीचं काम हातोहात संपणाऱ्या सौद्यासारखं नसतं, ते वर्षानुवर्षं चालतं. पैसे आज जातात, काम उद्या होतं आणि त्याचा परिणाम तीन वर्षांनी दिसतो. अशा व्यवहारात आठवणीवर भिस्त ठेवली की दोन भले माणसंही भांडतात. फिकहमध्ये ज्याला ‘गरर’ म्हणतात, म्हणजे सौद्यातली अस्पष्टता, ती टाळण्याची ताकीद यासाठीच आहे. काय मिळणार, कधी मिळणार, किती पैशात मिळणार, हे दोघांनाही आधी माहीत असलं पाहिजे.

आधी समजून घ्या, आपण घेतोय काय

बाहेरच्या आयटीवाल्याकडून साधारण तीन प्रकारची कामं घेतली जातात. तीनही एकाच तोंडी बोलण्यात मिसळली की गोंधळ होतो.

पहिला प्रकार वस्तूंचा: कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्ही, राउटर. इथे बिल आपल्या फर्मच्या नावे हवं, वॉरंटी कोणाची आणि किती, हे बिलावर हवं. जुन्या मशीनबद्दलही विचारून घ्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाय. अशा मशीनवर टॅली आणि बँकिंग चालवत असाल तर काय करायचं, हे आयटीवाल्याकडून लेखी मागा.

दुसरा प्रकार करून घेण्याच्या कामाचा: वेबसाइट, बिलिंगचं सॉफ्टवेअर, मोबाइल ॲप. हे दर्ज्याला माप देऊन कपडा शिवून घेण्यासारखं आहे. माप नीट दिलं नाही तर दोष शिवणाऱ्याचा नसतो. किती पानं, कोणत्या भाषा, ऑनलाइन पैसे घ्यायचे की नाही, फोटो कोण देणार, मजकूर कोण लिहिणार, हे आधी ठरवा.

तिसरा प्रकार देखभालीचा, ज्याला आपण एएमसी म्हणतो. इथे सर्वांत जास्त वाद सुट्या भागांवरून होतात. काही करारांत बिघडलेला भाग बदलून देणं आलेलं असतं, काहींत फक्त येऊन बघणं आणि मजुरी. दुसरा वाद वेळेवरून. ‘चार तासांत येऊ’ आणि ‘चार तासांत दुरुस्त करू’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती ठरलीय ते कागदावर यायला हवं.

चाव्या मालकाच्या नावावर

दुकान भाड्याने रंगवायला दिलं म्हणून कोणी सातबारा रंगाऱ्याच्या नावावर करत नाही. आयटीत मात्र आपण नेमकं तेच करतो. खालच्या गोष्टी कोणाच्या नावावर, कोणत्या ईमेलवर आणि कोणत्या मोबाइलवर आहेत, हे आजच तपासा:

• वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन
• वेबसाइट जिथे ठेवलीय ते होस्टिंग
• धंद्याचा ईमेल
• गूगल मॅपवरची दुकानाची नोंद
• फेसबुक पेज, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा नंबर
• टॅलीचा परवाना ज्या ईमेलवर सुरू केलाय तो ईमेल
• जीएसटी पोर्टलवरचा मोबाइल नंबर आणि ईमेल
• ऑनलाइन पैसे घेण्याचं खातं
• सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचा आणि वायफाय राउटरचा पासवर्ड

यातलं डोमेन सर्वांत महत्त्वाचं, कारण वेबसाइट आणि ईमेल दोन्ही त्यावर उभे असतात. डोमेन विकत मिळत नाही, ठराविक वर्षांसाठी नोंदवून मिळतं. डॉट इन नावांची नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, सांभाळते आणि तिने मान्यता दिलेल्या कंपन्यांमार्फत आपण नाव नोंदवतो. नोंदीत ज्याचं नाव आणि ईमेल, त्याचा शब्द चालतो. मुदत संपल्यावर सहसा काही दिवसांची सवलत असते, नंतर जादा फी भरून सोडवावं लागतं, आणि तेही केलं नाही तर नाव मोकळं होतं. मग जगातला कोणीही ते घेऊ शकतो. डॉट इन नावांवरच्या वादासाठी निक्सीची लवादाची पद्धत आहे, पण तिथे त्या नावावरचा आपला हक्क सिद्ध करावा लागतो, खर्च आणि वेळ जातो तो वेगळाच.

म्हणून खातं स्वतःच्या ईमेलने उघडा, पैसे स्वतःच्या कार्डाने किंवा यूपीआयने भरा आणि आयटीवाल्याला काम करण्यापुरता प्रवेश द्या. गूगलच्या नोंदीत मालक आणि व्यवस्थापक अशा वेगळ्या भूमिका देता येतात. मालक तुम्ही, व्यवस्थापक तो. फेसबुकवरही पासवर्ड न सांगता दुसऱ्याला कामाचा प्रवेश देता येतो.

जीएसटीबाबत एक खास सूचना. नोंदणी करताना सोय म्हणून अनेक जण सल्लागाराचा किंवा कॉम्प्युटरवाल्याचाच मोबाइल नंबर देतात. मग प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो. त्याच्याशी बिनसलं किंवा तो गाव सोडून गेला, तर नंबर बदलण्यासाठी आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे खेटे घालावे लागतात. संबंध चांगले आहेत तेव्हाच हा नंबर स्वतःचा करून घ्या.

कागदावर काय यावं

दहा पानी करार लागत नाही. साध्या मराठीत दोन पानं पुरतात. त्यात एवढं असावं: कामाची यादी, यादीत काय नाही तेही, किती दिवसांत, पैसे किती आणि कोणत्या टप्प्यावर, बिघाड झाल्यास किती वेळात प्रतिसाद, आपली माहिती तो कुठे ठेवणार आणि कोणाला दाखवणार नाही, आणि संबंध संपले तर काय काय परत देणार.

ईमेलवर झालेली देवाणघेवाणही करार ठरू शकते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०-अ नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही. म्हणून फोनवर काही ठरलं तर लगेच दोन ओळींचा मेसेज टाका: ‘भाई, आत्ता आपलं असं ठरलं, बरोबर ना?’ समोरून ‘हो’ आलं की तेवढा पुरावा झाला.

पण एका बाबतीत मेसेजवर विसंबू नका, आणि ती बाब बहुतेकांना माहीत नसते. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे कॉम्प्युटरचा प्रोग्राम हीसुद्धा साहित्यकृती मानली जाते. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर त्याचा पहिला हक्क मालकाचा. बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतला तर, वेगळं लेखी ठरलं नसेल, तर पहिला हक्क सहसा लिहिणाऱ्याचाच राहतो. आपण पूर्ण पैसे दिले तरी! हक्क आपल्याकडे यायला हवा असेल तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आपल्यापैकी अनेकांचा ग्राहक आखातात असतो. म्हणून ‘कायमस्वरूपी आणि जगभरासाठी’ हे शब्द कागदात आवर्जून घाला.

अर्थात तयार सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ टॅली, आपल्याला फक्त वापरायला मिळतं. तिथे हक्क मागू नका, परवाना मागा. आणि चोरीचं सॉफ्टवेअर घालून देणारा आयटीवाला स्वस्त वाटला तरी त्याला नको म्हणा. हलाल-हरामचा प्रश्न तर आहेच, शिवाय क्रॅक केलेल्या प्रोग्रामच्या पोटात व्हायरस घालून पाठवणं ही जुनी युक्ती आहे.

पैसे: आगाऊ सगळे नाहीत आणि उशीरही नको

पूर्ण रक्कम आधी देऊ नका, पण काम करून घेऊन ताटकळतही ठेवू नका. तीन टप्पे बरे: सुरुवातीला थोडे, नमुना दाखवल्यावर थोडे, आणि सगळ्या चाव्या हातात आल्यावर उरलेले. शेवटचा टप्पा ‘काम संपल्यावर’ असं न लिहिता ‘सर्व पासवर्ड, कोड आणि बॅकअप दिल्यावर’ असं लिहा.

मेहनतीचा मोबदला वेळेत देण्याबद्दल हदीसमध्ये काय ताकीद आहे, ते आपल्याला माहीत आहे. देशाचा कायदाही तेच सांगतो. समोरचा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे त्याचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. म्हणजे आयुष्यभर व्याजापासून दूर राहिलेला माणूस केवळ बिल ड्रॉवरमध्ये पडून राहिलं म्हणून व्याज देणारा ठरू शकतो. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीनुसार, अशी रक्कम मुदतीत दिली नाही तर ती प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. याचा तपशील आपल्या सीएला विचारा.

आणखी एक सवय सोडायला हवी. ‘भाई, जरा बघ ना, पाच मिनिटांचं काम आहे’ असं म्हणून नात्यातल्या मुलाकडून फुकट काम करून घेणं. फुकटात करणारा मुलगा आधी पैसे देणाऱ्याचं काम करणार, आपलं राहणार. त्याला जाब विचारायलाही आपल्याला तोंड उरत नाही. भाच्याला ईदी वेगळी द्या, कामाचे पैसे वेगळे द्या.

बॅकअप आहे, असं सांगू नका, उघडून दाखवा

‘बॅकअप चालू आहे साहेब’ या वाक्यावर कधीही समाधान मानू नका. महिन्यातून एकदा आयटीवाल्याला सांगा, ‘मागच्या आठवड्याचा टॅलीचा डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखव.’ उघडला तर बॅकअप आहे, नाही तर नाही.

सोपा नियम आहे, ३-२-१. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुकानाबाहेर, घरी किंवा क्लाउडवर. पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क कायम कॉम्प्युटरला लावून ठेवली तर ती प्रत धरू नका. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला की जोडलेली डिस्कही त्याच झपाट्यात जाते. कोकणात पावसाळ्यात दुकानात पाणी शिरतं तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारची डिस्क एकत्रच भिजतात, हेही लक्षात असू द्या.

हे केवळ सोयीसाठी नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं, जपून ठेवावे लागतात. ‘कॉम्प्युटर बिघडला’ हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही. टॅलीत डेटा कुलूपबंद करणारा टॅली व्हॉल्टचा पासवर्ड ठेवला असेल, तर तो विसरल्यावर परत मिळत नाही. असा पासवर्ड फक्त आयटीवाल्याच्या किंवा मुनीमजींच्या डोक्यात असेल, तर तुमचे हिशेब त्यांच्या तब्येतीवर अवलंबून आहेत.

दुरून कॉम्प्युटर हाताळू देताना

आता आयटीवाला प्रत्येक वेळी येत नाही. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारख्या प्रोग्रामने दुरूनच काम करतो. ही चांगली सोय आहे, पण आपल्या गल्ल्याची खुर्ची त्याला बसायला देण्यासारखीच आहे. त्यामुळे चार गोष्टी पाळा.

बँकेची पानं आधी बंद करा. काम सुरू असताना कोणीतरी स्क्रीनसमोर बसा. काम झालं की प्रोग्राम बंद करा, आणि आपल्या परवानगीशिवाय केव्हाही आत येता येईल असा कायमचा पासवर्ड त्यात ठेवला असेल तर तो काढायला सांगा. चौथी गोष्ट, आपण स्वतः फोन केला नसेल तर कोणालाही प्रवेश देऊ नका. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ किंवा ‘तुमच्या आयटी कंपनीतून नवीन मुलगा बोलतोय’ असा फोन आला, तर ठेवून द्या आणि आपल्याकडे लिहिलेल्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करा. हा नियम गल्ल्यावर बसणाऱ्या मुलालाही सांगा, कारण असा फोन नेमका तुम्ही जुमाला गेलेले असतानाच येईल.

पैसे गेलेच तर लाजून बसू नका. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, ठराविक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं कंपन्या व संस्थांना बंधनकारक आहे. हे कोण कळवणार, तुम्ही की आयटीवाला, ते करारात आधीच लिहा. हल्ल्याच्या दिवशी हे ठरवत बसायला वेळ नसतो.

ग्राहकांची माहिती ही अमानत

सुरुवातीच्या त्या टूरच्या ऑफिसकडे पुन्हा वळू. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय आहे? शेकडो कुटुंबांचे पासपोर्ट, आधार, फोटो, घरातल्या बायकांची नावं, मोबाइल नंबर, कोण कधी घराला कुलूप लावून जाणार त्या तारखा. दवाखान्यात आजारांची नोंद आहे, शाळेत मुलांची. लोकांनी हे आपल्या भरवशावर दिलंय, आयटीवाल्याच्या नाही. अमानत ज्याची त्याला पोहोचवण्याचा हुकूम सूरह अन-निसाच्या ५८ व्या आयतीत आहे, आणि माहितीची अमानत ही पैशांच्या अमानतीहून हलकी नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ चा रोखही तोच आहे. या कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात स्पष्ट म्हटलंय की माहिती हाताळण्याचं काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी मूळ घेणाऱ्याचीच राहते, आणि असं काम वैध करारानेच देता येतं. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या दुकानदाराला एवढा दंड होईल असं कोणी म्हणत नाही, पण ‘ते सगळं आमचा कॉम्प्युटरवाला बघतो’ हा बचाव आता उरणार नाही, एवढं नक्की.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. पासपोर्टचे फोटो आयटीवाल्याच्या खासगी व्हॉट्सॲपवर पाठवू नका. त्याला सॉफ्टवेअर तपासायला नमुने हवे असतील तर खोट्या नावांचे द्या. जुना कॉम्प्युटर भंगारात किंवा बदलीत देताना हार्ड डिस्क काढून घ्या किंवा पूर्ण पुसून घ्या. नुसतं ‘डिलीट’ केलेलं परत काढता येतं.

रोजचं बोलणं कसं असावं

‘कॉम्प्युटर चालत नाही, लवकर ये’ हा निरोप आयटीवाल्याला काहीच सांगत नाही. काय करत होतो, स्क्रीनवर नेमकं काय आलं, कधीपासून, एकाच मशीनवर की सगळ्यांवर, एवढं सांगितलं की निम्मं काम फोनवर होतं. स्क्रीनचा फोटो काढून पाठवा. दुकानातून एकाच माणसाने त्याच्याशी बोलावं. अब्बा एक सांगतात, मोठा भाई दुसरं आणि गल्ल्यावरचा मुलगा तिसरं, असं झालं की बिल मात्र तिन्हींचं येतं.

प्रत्येक वेळी ‘अर्जंट’ म्हणू नका, नाही तर खरोखर धंदा बंद पडेल तेव्हाही त्याला ते नेहमीचंच वाटेल. एका वहीत तारीख, तक्रार, तो कधी आला, काय केलं, एवढं लिहीत जा. वर्षाअखेर एएमसीचं नूतनीकरण करताना भाव पाडायला नव्हे, तर कोणतं मशीन बदलायची वेळ आलीय हे कळायला ही वही उपयोगी पडते.

त्याचं म्हणणं समजलं नाही तर सरळ सांगा, ‘मला नाही कळलं, सोपं करून सांग.’ यात कमीपणा नाही. चांगला आयटीवाला सोपं करून सांगतो. जो दर वेळी अवघड शब्द फेकून घाबरवतो आणि लगेच खर्च काढतो, त्याच्या सल्ल्यावर दुसऱ्या कोणाचं मत घ्यायला हरकत नाही.

वेगळं व्हायची वेळ आली तर

संबंध कधी ना कधी संपतात. तो गाव सोडतो, आपला धंदा वाढतो किंवा मन जमत नाही. अशा वेळी भांडण आधी आणि चाव्या नंतर, हा क्रम उलटा करा:

• आधी ठरलेली सगळी थकबाकी चुकती करा आणि पोचपावती घ्या.
• वेबसाइटचा कोड, डेटाबेस, फोटो आणि ताजा बॅकअप घ्या. नवीन माणसाकडून तो उघडून बघा.
• डोमेन त्याच्या खात्यात असेल तर नाव आपल्या खात्यात वळवून घ्या. कंपनी बदलायची असेल तर त्यासाठी एक गुप्त कोड लागतो, तो त्याच्याकडून मागा. डॉट कॉमसारखी नावं नवीन नोंदवल्यापासून पहिले ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाहीत, हे लक्षात ठेवून घाई करा.
• हे सगळं हातात आल्यावर प्रत्येक पासवर्ड बदला. ईमेलचा सर्वांत आधी, कारण बाकीचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात.
• दुरून कॉम्प्युटर हाताळायचे प्रोग्राम काढून टाका, वायफाय आणि सीसीटीव्हीचे पासवर्ड बदला.
• त्याच्याकडे असलेली ग्राहकांची माहिती पुसून टाकल्याचं त्याच्याकडून लिहून घ्या.

आणि चाव्या देताना कुरकुर करणाऱ्यालाही बाजारात बदनाम करायला धावू नका. दोघांना ओळखणारा एखादा जाणता माणूस मध्ये घालून बघा. अनेकदा अडलेलं असतं ते जुन्या चार हजारांच्या बिलावर.

एक वही, दोन माणसं

शेवटी, एक प्रश्न घरात विचारा. उद्या आपण नसलो, तर या चाव्या कोणाला माहीत आहेत? घरातला कर्ता अचानक गेल्यावर दुकानाचं शटर मुलगा उघडतो, पण ईमेल उघडत नाही, जीएसटीचा ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जातो, आणि कोणाकडून किती येणं आहे हे टॅलीच्या पासवर्डमागे अडकून राहतं. कर्ज कोणाचं द्यायचं आणि वारसांत वाटप काय करायचं, हे ठरवायला तोच हिशेब लागतो.

म्हणून एक वही करा. वर दिलेल्या यादीतली प्रत्येक गोष्ट कोणत्या नावावर, कोणत्या ईमेलवर, मुदत कधी संपते, ते तिच्यात लिहा. पासवर्ड वेगळ्या पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवा. ही वही कुठे आहे, हे घरातल्या दोन माणसांना माहीत असू द्या, त्यात एक पत्नी किंवा मुलगी असली तर उत्तम. आयटीवाला कितीही भला असला तरी वही आपल्या घरात हवी. येत्या जुमाच्या नमाजनंतर एक तास काढा, आयटीवाल्या भाईला चहाला बोलवा आणि त्याच्याच मदतीने पहिलं पान भरून घ्या. जो खरा कामाचा माणूस आहे, तो ही वही बघून खूशच होईल. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.